एका घोटाची बिअर

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात दर वर्षी 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' भरतो. तिकीट काढून आत गेलं की हातात एक छोटा पेला येतो. समोर शेकडो ब्रुअरींची टेबलं मांडलेली असतात. कुठल्याही टेबलापाशी जाऊन पेला पुढे करायचा, की त्यात एक औंस, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटर बिअर पडते. आपल्याकडचं औषधाचं मोठं टोपण भरावं, इतकीच. बरेच जण गळ्यात प्रेट्झेलच्या माळा घालून आलेले असतात. दोन बिअरच्या मधे एक प्रेट्झेल तोडून खायचं आणि जीभ कोरी करायची, एवढ्यासाठी ही माळ. कुणाच्या हातून पेला खाली पडला की सगळं सभागृह एका सुरात आरोळी ठोकतं. टेबलाटेबलावर पाण्याचे जग ठेवलेले असतात आणि बिअर आवडली नाही तर ओतून टाकायला बादलीही असते.

त्या ३० मिलिलिटरचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाच टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरच्या एका घोटात दीड मिलिलिटर अल्कोहोल असतं. असे वीस घोट घेतले तरी पोटात ६०० मिलिलिटर बिअर जाते, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या बाटलीपेक्षाही थोडी कमीच. पण त्या वीस घोटांत वीस वेगळ्या बिअर जिभेवरून गेलेल्या असतात. एरवी एवढ्या चवी ओळखायला वर्षं लागली असती, कारण माणूस बारमध्ये एकदा जे मागवतो, तेच पुढे जन्मभर मागवत राहतो. क्राफ्ट बिअरच्या टेस्टिंग महोत्सवाचं सगळं मर्म या छोट्या मापात आहे, असं मला मनापासून वाटतं. माप लहान झालं, की पिण्याकडचं लक्ष चवीकडे जातं.

बिअरचा महोत्सव म्हटलं की बहुतेकांना म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट आठवतो. १८१० साली बव्हेरियाच्या राजपुत्राच्या लग्नानिमित्त सुरू झालेली ती जत्रा आनंदाची आहे, पण टेस्टिंगच्या दृष्टीने तिची तऱ्हा अगदी उलटी. तिथे फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअरींची बिअर मिळते आणि पेला असतो एक लिटरचा. बाक, बँड, गाणी, भाजलेली कोंबडी आणि तो भला मोठा मग. तुलना करावी अशी सोयच तिथे नाही, आणि कुणी त्यासाठी तिथे जातही नाही.

घोटाघोटाने चाखण्याच्या महोत्सवांची मुळं इंग्लंडमध्ये आहेत. १९६० च्या दशकात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी लहान ब्रुअरी विकत घ्यायचा सपाटा लावला आणि पबमध्ये गाळलेली, पाश्चराइज केलेली, वरून वायू भरलेली बिअर आली. लाकडी किंवा धातूच्या पिंपात शेवटपर्यंत जिवंत यीस्ट असलेली जुनी एल दिसेनाशी होऊ लागली. १९७१ साली चार इंग्रज मित्र आयर्लंडमध्ये सुट्टीला गेले असताना त्यांनी याविरुद्ध मोहीम काढायचं ठरवलं. 'कॅमरा' ही संघटना त्यातून उभी राहिली. ग्राहकांनी एका पेयाच्या चवीसाठी उभी केलेली आणि खरोखर यशस्वी झालेली अशी चळवळ विरळा. १९७५ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये तिने बिअरचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि १९७७ पासून 'ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल' सुरू झाला. तिथे पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर, असं माप मिळायचं आणि प्रत्येक मापाचे पैसे वेगळे मोजावे लागायचे.

चार्ली पपाझियन हा अमेरिकन शिक्षक १९८१ साली हा महोत्सव पाहायला इंग्लंडला गेला. घरी बिअर कशी बनवावी, हे तो कोलोरॅडोत लोकांना शिकवत असे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला कायद्याने मुभा मिळाली, पण बिअर त्यातून सुटली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि स्वयंपाकघरात लपूनछपून मोठी पातेली चढवणारे हजारो लोक उघडपणे प्रयोग करू लागले. पुढे ज्यांनी ब्रुअरी काढल्या, त्यांतले कितीतरी याच पातेल्यांवर शिकलेले होते. पपाझियनने १९८२ साली बोल्डर गावातल्या एका हॉटेलात पहिला 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' भरवला. पंचवीसच्या आत ब्रुअरी, पन्नासच्या आत बिअर आणि आठशेच्या आसपास माणसं. त्या वेळी अख्ख्या अमेरिकेतल्या बिअर कंपन्यांची संख्या शंभराच्याही खाली घसरलेली होती. आज तिथे नऊ हजारांहून जास्त ब्रुअरी आहेत. ही सगळी वाढ महोत्सवामुळे झाली असं कुणी म्हणणार नाही, पण गावातल्या लहान ब्रुअरला जाहिरातीचा पैसा नसताना अनोळखी माणसाच्या जिभेपर्यंत पोहोचायची वाट महोत्सवाने दिली, हे नक्की.

अशा महोत्सवात टेबलामागे बहुतेकदा विक्रेता नसतो, ती बिअर बनवणारा माणूस किंवा बाई स्वतः उभी असते. म्हणून तिथे गेल्यावर प्रश्न विचारावेत. बऱ्याच टेबलांवर वाट्यांमध्ये कच्चा माल मांडून ठेवलेला असतो. तो चाखायला आणि हुंगायलाच ठेवलेला असतो, संकोच करू नये. एका वाटीत माल्ट असतं. जव भिजवून, मटकीला आणतो तसे मोड आणून, ते भट्टीत वाळवले की माल्ट तयार होतं. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. पुढे दळलेलं माल्ट ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ठेवलं, की हीच विकरं पिठाची साखर करतात आणि ती साखर यीस्टचं खाद्य होते. फिकट वाळवलेला दाणा चावून पाहावा, ताज्या बिस्किटासारखा लागतो. जास्त भाजलेल्यात खरपूस पावाची कड येते, आणि काळ्या भाजलेल्या दाण्यात सरळ कॉफी. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये कॉफी घातली आहे असं अनेकांना वाटतं. बहुतेक स्टाउटमध्ये ती नसते, ती चव या काळ्या दाण्याची असते.

दुसऱ्या वाटीत हॉप्स असतात, हिरव्या गोळ्यांच्या रूपात दाबलेले. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल आहे आणि बिअरमध्ये तिच्या मादी वेलीची फुलं वापरतात. एक गोळी तळहातावर घ्यावी, दुसऱ्या तळहाताने जोरात चोळावी आणि दोन्ही हात नाकाशी न्यावेत. हाताच्या उबेने फुलातली पिवळी राळ सुटते, बोटं चिकट होतात आणि वास उसळतो. कॅस्केड जातीचा हॉप असेल तर पपनसाची साल आणि चीडाचं लाकूड, सिट्रा असेल तर आंबा, लिची, लिंबू, आणि झेक प्रजासत्ताकातला साझ असेल तर सुकं गवत आणि मसाल्याची पुसट झाक. हे सगळं एका फुलात असतं, फळाचा थेंबही नसतो. हाताला हा वास तासभर तरी राहतो, म्हणून हे काम जरा उशिराच करावं, नाहीतर पुढची प्रत्येक बिअर सिट्राचीच वाटते.

हॉप्स कधी घातले यावर सगळा खेळ अवलंबून असतो. उकळत्या रसात तासभर राहिले, तर त्यातली आम्लं बदलून कडू होतात आणि सुगंध वाफेबरोबर उडून जातो. उकळीच्या शेवटी किंवा बिअर थंड झाल्यावर घातले, तर कडूपणा थोडा येतो आणि सुगंध राहतो. महोत्सवाच्या फलकावर 'आयबीयू' असा आकडा लिहिलेला असतो, तो या कडूपणाचा. एका लिटरमध्ये हॉपची कडू द्रव्यं साधारण किती मिलिग्रॅम आहेत, ते तो सांगतो. पण या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ४० आयबीयूची स्टाउट २५ आयबीयूच्या कोरड्या लागरपेक्षा कमी कडू लागते.

चाखायचं कसं, याला फारसं शास्त्र लागत नाही, पण क्रम लागतो. आधी पेला उजेडाकडे धरून रंग आणि फेस पाहावा. फेस टिकतो तो माल्टमधल्या प्रथिनांमुळे आणि हॉपच्या कडू द्रव्यांमुळे, आणि तेलातुपाचा अंश लागला की बसतो. चकलीच्या तेलकट ओठांनी पेल्याला स्पर्श केला की फेस का विरतो, ते यावरून कळेल. मग पेला हलकेच फिरवून हुंगावं, दोन-तीन छोटे श्वास. नाक फार लवकर सरावतं, त्यामुळे पहिल्या हुंगण्यात जे कळलं ते खरं धरावं. मगच घोट घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि गिळावा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागच्या बाजूला कडू, असा जो नकाशा शाळेच्या पुस्तकात असायचा, तो चुकीचा आहे. १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून तो रूढ झाला. जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी कळतात. मात्र गिळताना घशातून नाकाकडे जो वास चढतो, त्यातच चवीचा मोठा हिस्सा असतो आणि हॉपचा कडूपणाही गिळल्यानंतर काही सेकंदांनी पुरता उमटतो. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे परीक्षक सहसा गिळतात, ते यासाठी.

बिअर बर्फासारखी गार मागायची आपली सवय आहे आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती चुकीची म्हणता येणार नाही. पण गारठ्याने सुगंध उडतच नाही आणि जीभ बधिर होते. टेबलावरची गडद एल फार गार लागली तर पेला तळहातात धरून दोन मिनिटं थांबावं. तीच बिअर पुन्हा चाखली की आधी न दिसलेला मनुका, गूळ, करपलेली साखर, असं एकेक वर येतं.

नवख्या माणसाला मी गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करायला सांगतो. दक्षिण जर्मनीची ही हेफेवायत्सन गाळलेली नसते, म्हणून गढूळ पिवळी दिसते. नाकाशी नेली की पिकलेल्या केळ्याचा वास येतो आणि मागोमाग लवंगेचा. हॉप्स चोळून पाहिलेल्या माणसाला इथे कोडं पडतं, कारण हा वास हॉपचा नाही आणि माल्टचाही नाही. हे यीस्टचं काम आहे. साखर खाताना हे यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य सोडतं, केळ्यातही हेच द्रव्य असतं. लवंगेचा वास येतो तो धान्यातल्या फेरुलिक आम्लावर यीस्टने केलेल्या प्रक्रियेतून. ब्रुअर धान्य पाण्यात घातल्यावर काही वेळ ४५ अंशांच्या आसपास ठेवतो, तेव्हा हे आम्ल जास्त सुटतं. म्हणजे सकाळी टाकीचं तापमान किती वेळ कुठे थांबवलं, यावर तुमच्या पेल्यातली लवंग ठरते. समोरच्या ब्रुअरला हे विचारून पाहा, त्याचा चेहरा खुलतो. आठवडाभर त्याला सगळे 'स्ट्राँग कुठली' एवढंच विचारत असतात.

दोषही ओळखायला शिकावं, कारण त्यामुळे चांगली बिअर अधिक कळते. लोण्याचा वास येत असेल तर तो डायअ‍ॅसिटिल. यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळाला नसेल तर तो राहतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा आणि जुनं झाल्याचा. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळी कमी पडली. आणि हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली तर प्रकाशाने हॉपची द्रव्यं मोडतात आणि स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी नातं सांगणारं गंधकयुक्त द्रव्य तयार होतं. तपकिरी बाटली आणि अ‍ॅल्युमिनियमचा कॅन वापरतात ते हे टाळायला.

पुढे जाताना हलक्यापासून जडाकडे जावं. पिल्सनर, गव्हाची बिअर, पेल एल, मग आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, मग पोर्टर-स्टाउट. बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची बाम्बेर्गची धुरकट बिअर आणि दहा-बारा टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउट अगदी शेवटी ठेवाव्यात. त्यांच्यानंतर पिल्सनर पाण्यासारखी लागते आणि तिच्यावर विनाकारण अन्याय होतो. बरोबर खायला पाव, खारे शेंगदाणे, साधं चीज. तिखटाचं मात्र जपून. हॉपचा कडूपणा, वायू आणि अल्कोहोल तिन्ही मिळून मिरचीची आग वाढवतात, शांत करत नाहीत. पोट रिकामं नको, मधून मधून पाणी प्यावं आणि परतीच्या गाडीची सोय आधी करावी. डेन्व्हरला न पिणाऱ्या चालकासाठी वेगळं तिकीट ठेवतात, ते मला फार आवडतं.

आयपीएच्या टेबलापाशी मराठी माणसाने थोडं जास्त थांबायला हरकत नाही, कारण नावातला 'इंडिया' म्हणजे मुंबई, मद्रास आणि कलकत्ता. लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती. जहाजांचे कप्तान तिथून उधारीवर फिकट एल भरून घेत. केप ऑफ गुड होपला वळसा घालत पिंपं कित्येक महिने उष्ण कटिबंधातून हेलकावत येत आणि या प्रवासात ती बिअर मुरत असे. ही बिअर खास भारतासाठी शोधून काढली, अशी कथा सगळीकडे सांगतात, पण ती खरी नाही. भरपूर हॉप्स घालून मुरवायची एल इंग्लंडमध्ये आधीपासून होती, आणि इथल्या साध्या गोऱ्या शिपायांसाठी तर काळी पोर्टर येत असे. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअरींनी हॉजसनचा बाजार काबीज केला. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्याने हॉपचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार उठतो. आज जगभर बनणारी फळांच्या वासाची आयपीए मात्र अमेरिकन हॉप्सची लेक आहे. नाव राहिलं, चव पार बदलली.

आपल्याकडची गोष्ट पुण्यात सुरू होते. देशातल्या अगदी पहिल्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक, 'डूलाली', २००९ साली इथे उघडली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ओलिव्हर शाऊफ या जर्मन ब्रुअरला बरोबर घेऊन ती उभी केली. पुढे मुंढव्याला 'इंडिपेंडन्स' आली, आणखीही आल्या, आणि मुंबई-बंगळुरूने हा धागा फार पुढे नेला. भारतातल्या बिअरच्या बाजारात अजूनही स्ट्राँगचाच वरचष्मा आहे, म्हणजे पैसे अल्कोहोलच्या टक्क्यावर दिले जातात. चवीवर पैसे देणारा ग्राहक तयार करायचा, तर त्याला आधी चार-सहा चवी शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्या लागतात. ब्रुअरीतल्या टॅपरूममध्ये छोट्या पेल्यांचा 'सॅम्पलर' मिळतो, त्याचं महत्त्व इथे आहे. महोत्सव नसला तरी चार मित्र मिळून एक सॅम्पलर मागवला की काम भागतं. महाराष्ट्रात कायद्याने बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, एवढं ध्यानात ठेवावं.

इथल्या ब्रुअरांचे सगळ्यात चांगले प्रयोग आंबट बिअरमध्ये होत आहेत, असं माझं मत आहे. जर्मनीत गोस नावाची एक जुनी बिअर आहे. गोस्लार आणि लाइपझिग ही तिची गावं. गव्हाचं माल्ट, थोडं मीठ, धने आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी आणलेला आंबटपणा. जर्मनीत ती विसाव्या शतकात जवळजवळ नामशेष झाली होती. पुण्यात या घाटाच्या बिअरमध्ये कोकम घालून पाहिलं गेलं, आणि ते चपखल बसलं, यात नवल वाटू नये. आंबट, खारट आणि धन्याचा वास, या तिन्हींची ओळख सोलकढी आणि सारावर वाढलेल्या जिभेला आधीपासूनच आहे. परदेशातल्या नवख्या माणसाला आंबट बिअर पचनी पडायला वेळ लागतो. कोकणातल्या माणसाला ती पहिल्याच घोटात कळते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. हापूस घातलेल्या बिअरबद्दल मात्र माझा उत्साह कमी आहे. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे राहतो तो आंब्याचा पुसट, किंचित तुरट अंश. आंब्याचा वास हवा असेल तर सिट्रा हॉप ते काम अधिक चांगलं करतो.

कुठल्याही टेबलापाशी एक प्रश्न जरूर विचारावा: ही कधी भरली? आयपीएचा सुगंध काही आठवड्यांत ओसरू लागतो, म्हणून तिला ताजेपणाचीच किंमत. गव्हाची बिअरही ताजीच घ्यावी. दहा टक्क्यांची स्टाउट वर्षभर मुरलेली असेल तर उलट ती मागूनच घ्यावी.